खळ्यातली जीप

पहिल्याच दिवशी मी पुढच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तोडले. नट हलेना म्हणून पान्याला चार फुटी पाईप लावला, पाईपवर उभा राहिलो आणि कट्‌कन आवाज आला. गंजला असेल असं समजून दुसऱ्यालाही तेच केलं. तिसऱ्याच्या वेळी स्टडच्या तोंडावरची माती फडक्याने पुसली, तर तिथे ‘एल’ हे इंग्रजी अक्षर ठोकलेलं दिसलं. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. गाडी पळताना चाकाच्या फिरण्याने नट सुटू नयेत म्हणून ही सोय. म्हणजे इतका वेळ मी नट सोडत नव्हतो, आवळत होतो.

त्या दिवसापासून एक नियम केला. जोर लावायच्या आधी पुसायचं आणि नीट बघायचं. मे २०२२ ते डिसेंबर २०२३ हे काम चाललं आणि तेवढ्या काळात या एका नियमाने माझे कितीतरी भाग वाचवले.

जीप १९६८ सालची, सीजे-३बी. शिरपूर तालुक्यात आमचं गाव आहे, आणि इथली म्हातारी माणसं नुसतं ‘जीप’ म्हटलं तरी हीच गाडी डोळ्यांपुढे आणतात. उंच नाक, सपाट मडगार्ड, दोन गोल दिवे. नाक उंच का, त्याचं उत्तर इंजिनात आहे. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ मध्ये हे मॉडेल काढलं तेव्हा जुन्या जीपच्या अंगात नवं हरिकेन इंजिन घातलं. ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बोनेटच वर उचललं. तिकडे १९६८ मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. इकडे महिंद्राने ती परवान्यावर त्यानंतरही बरीच वर्षं बनवली.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती १९७६ मध्ये एका रस्त्याच्या कंत्राटदाराकडून जुनीच घेतली. तिने कापूस वाहिला, वऱ्हाडं वाहिली, रात्री-अपरात्री बाळंतिणी धुळ्याला पोचवल्या. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला सातपुड्याच्या पाड्यांवरची माणसं तिच्यातून गेली, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला अख्खी गल्ली गेली. १९९९ मध्ये इंजिन तापून जाम झालं आणि बैलजोडीने ती ओढत खळ्यात आणली. तिथेच, निंबाखाली, ती तेवीस वर्षं उभी राहिली. उन्हाळ्यात आई तिच्या बोनेटवर बिबड्या वाळत घालायची.

मी जिनिंगमध्ये मेंटेनन्सला आहे. बेअरिंग, बेल्ट, मोटारी रोज हाताखालून जातात, पण गाडीचं इंजिन कधी उघडलं नव्हतं. त्यात दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की मला श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून जीपचं काम उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. उन्हाळ्यात म्हणजे पहाटे पाच ते नऊ, कारण दहानंतर आमच्याकडे पान्याला हात लावला की फोड येतो. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही पटलेलं नव्हतं. ते खळ्यात येऊन उभे राहायचे आणि आमच्या अहिराणीत विचारायचे, “इतला पैसा टाकीसन काय भेटी?” मी उत्तर द्यायचो नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्टड तुटल्यावर मी धुळ्याला नाना मिस्तरींकडे गेलो. आग्रा रोडला त्यांचं गॅरेज होतं आणि आबांची जीप पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्याच हाताखालून गेली होती. आता वय अठ्ठ्याहत्तर, गॅरेज बंद, हात थरथरतात. ते म्हणाले, पाना मी धरणार नाही, बसून सांगेन. दर रविवारी एसटीने यायचे, निंबाखाली खाटेवर बसायचे आणि तिथून बोलायचे.

त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट पान्यांची. माझ्याकडचे सगळे पाने मिलिमीटरचे, आणि ही गाडी सुताची. आठ सुतांचा इंच. पंधराचा पाना साडेचार सुताच्या नटावर बसतो असं वाटतं, पण नीट बसत नाही, कोपरे खातो. धुळ्याच्या जुन्या बाजारात हिंडून अर्ध्या इंचाचा, नऊ सोळांशाचा, पाऊण इंचाचा असे एकेक करून पाने गोळा केले. तेवढ्यातच तीन रविवार गेले आणि ते वाया गेले नाहीत.

मग गाडी उघडायला लागलो. आणि खरं सांगायचं तर मला सर्वांत जास्त शिकवलं ते या उघडण्याने. कारण कंपनीने बनवलेली जीप माझ्यासमोर नव्हतीच. वीस-पंचवीस वर्षं हाताशी जे होतं त्यातून दुरुस्त होत आलेली गाडी समोर होती. डाव्या पायाखालचा पत्रा तेलाच्या ड्रमचा. डांबर खरवडल्यावर उलट्या बाजूला ड्रमवरची उठावाची अक्षरं निघाली. हेडलाइटची वायर विहिरीवरच्या मोटारीची. मागच्या बाकाची चौकट लोखंडी खाटेच्या पाईपची. स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसिसला धरतो तिथे बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा रिव्हेट मारून बसवलेला. आणि मागे, उजव्या कोपऱ्याखाली, एक वाकडी पायरी. जुन्या मोटेच्या चाकाची सळई वाकवून वेल्ड केलेली. आजीचे गुडघे गेले तेव्हा आबांनी ती करवून घेतली होती.

ही सगळी कामं नानांची. आणि आता ते समोर बसलेले असताना त्यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं हे मला ठरवायचं होतं. पुढचं दीड वर्ष मी खरं तर हेच ठरवत होतो. बाकीचं काम म्हणजे घाम.

इंजिनापासून सुरुवात केली. स्पार्क प्लग काढून चारही भोकांत रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्म ओतलं आणि वाट पाहिली. रोज संध्याकाळी पुढून हँडल घालून हलकेच दाब द्यायचा, झटका द्यायचा नाही. अकराव्या दिवशी हँडल बोटभर हललं. मी घरात जाऊन आईला सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली.

हे इंजिन ज्याने पाहिलं नाही त्याला त्याची रचना नवी वाटेल. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. निम्मं जुन्या पद्धतीचं, निम्मं नव्या. हेड काढताना मी दिसणारे सगळे बोल्ट सोडले आणि पटाशी लावून हेड उचकटायला निघालो. खाटेवरून नाना ओरडले, “थांब पोऱ्या, आखो एक बोल्ट शे!” तो कार्बोरेटरच्या खाली, हवा जाण्याच्या वाटेत आत दडलेला असतो. कार्बोरेटर काढल्याशिवाय दिसतच नाही. तो विसरून जोर लावला असता तर हेडला तडा गेला असता, आणि तसं हेड आज शोधून मिळत नाही.

हेड निघालं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळून अर्धचंद्रासारखा झालेला होता. सगळीकडे बोटभर काळा थर. नानांनी नखाने खरवडलं आणि म्हणाले, रॉकेल. त्या काळी पेट्रोलवर गाडी सुरू करून तापली की रॉकेलवर घ्यायचे; आबाही घ्यायचे. पण खरं मरण पाण्यात होतं. ब्लॉकच्या बाजूच्या पाणझाकण्या काढल्या तर आत पांढऱ्या क्षाराचा दगड झालेला. तेवीस वर्षं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये घातलेलं, चहाच्या पातेल्याला बसतो तसा थर, पण मागच्या दोन सिलिंडरांभोवती फारच जाड. पाणी तिथवर पोचतच नव्हतं. सळईने टोकून टोकून मी तो चार दिवस काढला, मोजला तेव्हा पत्र्याचा अर्धा डबा भरला. आता मी या गाडीत फक्त बॅटरीचं पाणी आणि कूलंट घालतो. तालुक्यात ज्याच्याकडे जुनं इंजिन आहे त्याला माझं हे एकच सांगणं असतं.

बोअरिंगला, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करताना, एक चूक झाली. मशीन शॉपवाल्याने पिस्टन हातात यायच्या आधीच ब्लॉक ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजला कापून ठेवला. पिस्टन नंतर दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून आले आणि मोजले तर फट जास्त. ब्लॉक दिला तो मीच, आधी पिस्टन आणतो असं सांगायला हवं होतं. पुन्हा ४० थाऊला कापला, पुन्हा पिस्टन मागवले, दोन महिने आणि चौदा हजार रुपये गेले. पिस्टन आधी, बोअर नंतर. व्हॉल्व्हच्या सीटा मात्र मी स्वतः पेस्ट लावून घासल्या. लाकडी दांडीला रबरी चोखणी, दोन तळहातांमध्ये रवीसारखी फिरवायची, सीटवर राखाडी रंगाची अखंड कडी उमटेपर्यंत. आठ व्हॉल्व्हना आठ संध्याकाळी. फट इनटेकला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६.

चेसिसच्या वेळी मात्र अवघड झालं. धावेच्या त्या तुकड्याच्या कडेने केसासारखी रेघ दिसत होती. वायरब्रश मारला तर ती तुकड्याखाली शिरलेली. स्टिअरिंग बॉक्सची जागा ही. इथे चेसिस तुटली तर चाक वळायचं थांबतं. तो तुकडा काढावाच लागणार होता. मी ग्राइंडर हातात घेऊन नुसता उभा होतो. नाना खाटेवरून उठले, वाकून रेघेवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, “काप. तवय मनाजोडे तेच व्हतं.” तेव्हा त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

कापला. खाली तडा तीन इंच गेलेला होता. तडा जिथे संपतो तिथे छोटं भोक पाडलं म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग व्हीच्या आकारात खोदून ७०१८ च्या वेल्डिंग रॉडने भरला आणि वर नवी प्लेट बसवली. प्लेट चौकोनी ठेवायची नसते. चौकोनी प्लेटचा वेल्ड चेसिसला आडवा सरळ जातो आणि नेमका त्या रेघेवरच पुढचा तडा येतो. शंकरपाळीसारखी, दोन्हीकडे टोकदार प्लेट कापली. धावेचा तो तुकडा नानांनी धुळ्याला नेला. त्यांनी मागितला, मी दिला.

चेसिस, चाकं आणि दोन्ही एक्सलच्या नळ्या अवधान एमआयडीसीत सँडब्लास्टिंग करून आणल्या. बॉडी नाही दिली. अठरा गेजचा पत्रा वाळूच्या माराने लाटा घेतो. ती हाताने घासली, सबंध पावसाळा. निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली पुन्हा निळा, मग हिरवा. मूळ रंग कुठला ते कळेना. शेवटी स्पीडोमीटर काढल्यावर त्याच्या मागे, जिथे कधी ऊन लागलं नाही आणि कुणाचा ब्रश पोचला नाही, तिथे तळहाताएवढा फिका करडा-हिरवा रंग सापडला. तोच मिसळून घेतला. ड्रमचा पत्रा काढून नवी जमीन बसवली, ती एका दमात वेल्ड न करता दोन-दोन इंचांवर टाके मारत, पत्रा गार होऊ देत. मी लांबी, म्हणजे पुट्टी, कमीत कमी वापरली. एका पेंटरने आधी सगळा कोपरा लांबीने भरून दाखवला होता, वरून आरसा. टोचणी मारली तर आत गंज तसाच. तो कोपरा मी पुन्हा उघडला.

डिफरन्शियल उघडल्यावर मी दात मोजले. पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, ८, मोठ्या क्राउनला ४३. गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या दुसऱ्या गिअरबॉक्सचा, लो २.४६. गुणाकार केला तर साधारण ३७. म्हणजे लो रेंजला पहिल्या गिअरमध्ये इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. लहानपणी चिखलातून ही गाडी माणसाच्या चालीने, न घसरता, कशी निघायची ते मला त्या रात्री वहीवर समजलं.

आता बदलांचं. गावात आणि जिनिंगमध्ये ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. डिझेल इंजिन टाक. रुंद टायर टाक. पुढे दिव्यांची पट्टी लाव. डिझेलला मी सरळ नाही म्हटलं. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी फार दूर नेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसरं म्हणजे ज्या इंजिनामुळे तिचं नाक उंच आहे तेच काढलं तर मग राहतं काय? रुंद टायरचा भार पुढच्या किंगपिनवर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळ्यांवर, आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर येतो. ६.००-१६ चे अरुंद टायरच ठेवले.

पण जिवाशी संबंध असलेल्या गोष्टी मी बदलल्या. मूळ ब्रेकला एकच लाइन. एक पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर बसवला. सीट बेल्ट लावले, त्यांच्यासाठी जमिनीखाली जाड प्लेटा दिल्या. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले. आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला पत्र्याचा आडोसा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, एक्झॉस्टच्या आचेने पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात थांबते. आबा नेहमी एक ओलं फडकं जवळ ठेवायचे, पंपावर टाकायला. मला लहानपणी तो काहीतरी विधी वाटायचा.

पायरीचा विचार शेवटी केला. जुन्या जीपवाल्यांच्या दृष्टीने ती पायरी बसत नाही. कंपनीच्या गाडीला ती नव्हती, ती वाकडी आहे, तिचा वेल्ड मण्यांसारखा गाठीगाठींचा. काढायला दोन मिनिटं लागली असती. या वेळी मी नानांना विचारलं. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “ती ऱ्हाऊ दे. माय चढे तिनावर.” मी वेल्ड घासला नाही. आतून मात्र जाड पट्टी दिली, म्हणजे आता ती माझंही वजन घेते.

कागदांचा टप्पा थोडक्यात सांगतो. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि मला तर शेतात जायचं होतं. म्हणून साधं नूतनीकरण केलं, पाच वर्षांचं. तेव्हा पाच हजार फी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, तपासणी. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि आबांच्या कागदावरचे आकडे जसेच्या तसे उमटले.

२०२३ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ती सुरू झाली. सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२, मी वायरी दोनदा तपासल्या होत्या. तिसऱ्या फिरकीला खोकली, चौथ्याला धरलं. नाना डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी बोटाने ‘थोडं उलटं’ अशी खूण केली, मी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि आवाज गोल झाला. दुसऱ्या दिवशी आईने बैलांबरोबर तिचीही पूजा केली. नंतर ४५ च्या वेगाला स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, ते किंगपिनचे शिम बदलून आणि मधल्या बेलक्रँकचे बुश नवे घालून दिवाळीआधी बसलं.

डिसेंबरमध्ये तोरणमाळला गेलो. मी, आई, आप्पा आणि नाना. शहादा, म्हसावद, राणीपूर, आणि मग सातपायऱ्यांचा घाट. एका वळणावर समोरून ट्रक आला म्हणून चढावर थांबावं लागलं. लो लावला, पहिला टाकला, क्लच सोडला आणि ती चालत्या माणसाच्या वेगाने वर निघाली. मागच्या बाकावर आप्पा गप्प होते. यशवंत तलावाजवळ पोचल्यावर सगळे उतरले, चहा झाला. परत निघताना आप्पा पुढे बसतील असं मला वाटलं होतं. ते मागे गेले, एक हात पाईपला धरला, पायरीवर पाय ठेवला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी काही बोललो नाही. मग ते आत बसले.

घरी पोचलो तेव्हा खळ्यात ट्रान्सफर केसखाली रुपयाएवढा तेलाचा डाग पडला. इंटरमीडिएट शाफ्टच्या लॉकप्लेटजवळून गळतंय. शाफ्टचं भोक थोडं लंबगोल झालेलं मला उघडताना दिसलं होतं, तेव्हा मी चालेल म्हटलं होतं. कापसाचा हंगाम संपला की ती केस पुन्हा खाली उतरवायची आहे. नानांना फोन केला, ते म्हणाले, रविवारी येतो, तोवर खाली पातेलं ठेव आणि किती गळतं ते मोज.